दुसरी चूल

रूथबाईंच्या घरी नाताळच्या फराळासाठी दोन चुली पेटायच्या. एक स्वयंपाकघरातली, त्यांची रोजची. दुसरी मागच्या अंगणात तीन दगडांची, आणि तिच्यापासून पाच हात लांब उभं राहायचं बंधन त्या घरात एकाच माणसावर होतं. ते माणूस म्हणजे घरची मालकीण, रूथबाई.

मी त्यांच्या मागच्या खोलीत चार वर्षं राहिले. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वरवट बकालच्या आमच्या शेतकरी घराण्यातली नोकरी करणारी मी पहिली मुलगी. जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा एकट्या पोरीला ठेवायचं कुठं, यावर घरात आठ दिवस खल झाला. शेवटी शाळेतल्या कुणीतरी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शांतवन मास्तरांचं घर सुचवलं. नवरा-बायको दोघंच, पोरबाळ नाही, मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, माणसं सोन्यासारखी. फक्त ख्रिस्ती. हा 'फक्त' आमच्या घरात चांगलाच जड झाला. आईनं निघताना माझा हात आपल्या गळ्याशी लावून घेतला आणि त्यांच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही अशी शपथ घालूनच मला बसमध्ये चढू दिलं.

दादा खोली पाहायला आले तेव्हा त्यांना तेच विचारायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. ते नुसते छपराकडं बघत होते. रूथबाईंनी त्यांची अडचण ओळखली. कोपऱ्यातला नवा रांजण दाखवून म्हणाल्या, "हा बाईचा. मी शिवत नाई. चूल बी वेगळी मांडून देल्ली. तुमी काही घोर करू नका, पाटील." दादांनी मोकळा श्वास सोडला आणि मीही सोडला. त्या श्वासाची आज लाज वाटते, पण तेव्हा बाई किती समजूतदार आहे, एवढंच मनात आलं.

रूथबाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. ठेंगण्या, सावळ्या, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं आणि चालण्यात सतत काहीतरी उतू जाईल अशी घाई. कुणीही दारात आलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "जेवले का?" आणि पुढच्याच क्षणी त्यांना आठवायचं की समोरचा नाही म्हणाला तरी आपण त्याला वाढू शकत नाही. मग त्यांची धांदल उडे. परसातल्या झाडाचा पेरू, शेंगा, बोरं, जे अख्खं आणि न शिजवलेलं असेल ते त्या पदरातून काढून देत. पेरूला सुरी कधी लावली नाही. सुरी लागली की पेरू त्यांच्या घरचा झाला, आणि अख्खा तो झाडाचा, हे गल्लीचं शास्त्र त्यांना आमच्यापेक्षा चांगलं पाठ होतं. "पोटात गेलं का धर्म लागला," असं त्या म्हणायच्या. कुणाचा धर्म, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मास्तर उंच, किडकिडीत आणि ताठ. एक डिसेंबरला त्यांच्या अंगात जुना काळा कोट चढायचा आणि ऊन असो की गारठा, फेब्रुवारी संपल्याशिवाय उतरायचा नाही. बोलणं शुद्ध, छापील. फक्त राग आला की वऱ्हाडी. त्यांचे आजोबा कुठल्या जातीतून ख्रिस्ती झाले हे अख्ख्या गावाला पाठ होतं, आणि मास्तरांसमोर कुणी त्याचा उच्चार करत नसे. उच्चार करायची गरजच नव्हती. दुसरी चूल तेच सांगत होती.

ती चूल पेटवायला गोदावरीकाकू यायच्या. काकू विधवा, लग्नाकार्यात पक्वान्नं करणाऱ्या, आणि त्यांच्या हातचं गल्लीत सगळ्यांना चालायचं. नाताळच्या तीन-चार दिवस आधी वाण्याकडचा रवा, मैदा, साखर परस्पर काकूंच्या घरी जायची. कढई काकूंची, झारा काकूंचा, पाण्याची घागरही काकूच कमरेवर घेऊन यायच्या. सरपण तेवढं रूथबाईंचं चालायचं, कारण जाळाला विटाळ नसतो असं काकूंचं मत होतं. मग रूथबाई पाच हातांवर उभ्या राहून आपल्याच अंगणात आपल्याच सणाचं फराळाचं होताना बघायच्या. त्यांचे हात नुसते शिवशिवायचे. "मोहन थोडं कमी झालं का, काकू?" असं त्यांनी भीतभीत विचारलं की काकू झारा उगारून म्हणायच्या, "तुमी मले शिकवून राह्यल्या का आता?" आणि काकूंची करंजी खरंच दगड असायची. त्यांचा हात लग्नाच्या पंगतीला बसलेला. पाचशे माणसांत दात कुणाचा हलला याची चौकशी कोण करतो?

मग चोवीस तारखेला सकाळी मिरवणूक निघायची. पुढं काळ्या कोटातले मास्तर, मागं डोक्यावर टोपली घेतलेल्या गोदावरीकाकू. मास्तर दारात उभे राहून नाताळचा सलाम सांगायचे, आणि फराळाची पळसाच्या पानाची पुडी काकू द्यायच्या. गल्लीतली सतरा घरं. मी अठरावी. रूथबाईंच्या स्वतःच्या चुलीवरचं जे व्हायचं ते गावातल्या चार-पाच ख्रिस्ती घरांत आणि प्रार्थनेच्या घरी जायचं. त्यांच्या करंजीचं कौतुक त्या चार-पाच घरांतली माणसं वर्षभर करत. आम्ही ऐकत असू.

मास्तरांना ही दुसरी चूल सोसत नव्हती. पण नवरा-बायकोचं यावरचं भांडण मी कधी समोरासमोर ऐकलं नाही. ते भांडण देवाच्या मार्फत चाले. दिवेलागणीला दोघं प्रार्थनेला बसत आणि मधली भिंत कुडाची, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू येई. डिसेंबर लागला की मास्तर डोळे मिटून आपल्या छापील मराठीत म्हणायचे, हे कृपाळू पित्या, ज्या घरात तुझ्या पुत्राच्या जन्मदिवशी दोन चुली पेटतात, त्या घराला सद्बुद्धी दे. मग रूथबाईंची पाळी. त्या देवाशीही वऱ्हाडीच बोलायच्या, कारण त्यानंच तर ही जीभ दिली, त्याच्यासमोर ती कशाला बदलायची, असं त्यांचं म्हणणं. "प्रभू, ज्या माणसाले शेजाऱ्यायच्या पोटापेक्षा आपला मान मोठा वाटते, त्याले क्षमा कर. बाकी तो चांगला आहे." शेवटी दोघं मिळून 'आमेन' म्हणत आणि ताटं मांडायला उठत. मी भिंतीच्या अलीकडं तोंडाला पदर लावून हसत असे.

हसण्यासारखं नव्हतं, हे कळायला मला वेळ लागला. दुसऱ्या वर्षी मला हिवताप आला. चार दिवस मी खोलीत फणफणत पडले होते. रूथबाई शाळेत निरोप देऊन आल्या, माझ्या अंगावर गोधडी घातली, दुपारभर तळपाय चोळत बसल्या. मी पाणी मागितलं. रांजण हातभर अंतरावर होता. त्या उठल्या, रांजणापाशी गेल्या, थांबल्या, आणि दाराशी जाऊन मास्तरांना हाक मारली. मास्तर भर उन्हात गोदावरीकाकूंच्या घरी गेले, काकू आल्या आणि त्यांनी मला पाणी पाजलं. तोवर पाव तास झाला असेल. त्या पाव तासात मला एवढंच म्हणायचं होतं की तुम्हीच द्या. ताप होता, जीभ जड होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. जीभ पाणी मागण्याइतकी हलकी होती, हे खरं आहे.

त्याच काळात मी चौथीच्या वर्गात फळ्यावर ठळक अक्षरांत लिहीत असे की अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. माझं अक्षर चांगलं होतं. तपासायला आलेल्या साहेबांनी त्याची तारीफही केली होती.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात गोदावरीकाकूंना निरोप आला. त्यांची मुलगी धाड गावी दिलेली होती, तिचे दिवस भरत आले होते. काकू तीनदा बस बदलून तिकडं गेल्या. गल्लीत दुसरं कुणी मास्तरांच्या अंगणात येऊन चूल पेटवायला तयार होईना. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवशी जे तेज आलं ते मी पुन्हा पाहिलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी देवाचे इतके आभार मानले की काकूंच्या मुलीचं बाळंतपण जणू त्याचसाठी ठरलं होतं.

रूथबाईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत नव्हे, सरळ नवऱ्याकडं तोंड करून त्या बोलल्या. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं ते असं. "मी करतो. पण दारोदारी सांगून देजा. ह्यावर्षी काकूच्या हातचं नाई, माह्या हातचं आहे, असं पयले सांगाचं, मंग पुडी पुढं कराची. लपवून कोणाच्या पोटात घालाचं नाई." मास्तर म्हणाले, सांगतो. मग रूथबाईंनी विचारलं, "घेतीन का हो लोकं?" त्या आवाजात काय होतं ते मी आज सांगू शकते. त्या बाईला आयुष्यात दुसरं काही मागायचंच नव्हतं. आपल्या हातचा एक घास शेजाऱ्यानं खावा, एवढंच.

त्या तीन दिवसांत रूथबाई वयानं वीस वर्षांनी उतरल्या. सातपुड्यातून चारोळी विकायला येणारी एक बाई होती, तिला थांबवून त्यांनी चारोळी निवडून घेतली. सारण दोनदा भाजलं, पहिलं जरा जास्त लागलं म्हणून. मास्तर कोटाच्या बाह्या सरसावून करंज्यांच्या कडा कातत होते आणि कातण चुकीच्या बाजूनं फिरवल्याबद्दल बोलणी खात होते. त्या दिवसांत दोघांनी एकमेकांबद्दल देवाकडं काहीच तक्रार केली नाही.

चोवीस तारखेला मास्तर एकटेच निघाले. टोपली त्यांनी स्वतः हातात धरली. प्रत्येक दारात आधी सांगितलं, मग पुडी पुढं केली. सतरा घरांनी घेतली. कुणी हसून घेतली, कुणी 'अरे वा' म्हणून घेतली, एका घरी तर म्हाताऱ्या आजींनी मास्तरांना बसवून घेतलं. मास्तर परतले ते रिकामी टोपली उलटी करून दाखवत. अंगणात उभं राहून त्यांनी एकेका घराचं नाव घेऊन कोण काय म्हणालं ते बायकोला सांगितलं, आणि ती पदरानं तोंड पुसत, प्रत्येक नावाला "हाव? त्यायनं बी?" म्हणत ऐकत राहिली. माझी पुडी रूथबाईंनी स्वतः आणून दाराशी ठेवली. हातात दिली नाही. सांगितलं मात्र, "बाई, माह्या हातचं आहे बरं."

मी ती पुडी डब्यात ठेवून दिली.

नाताळच्या दिवशी पहाट सरल्यावर मी दुधाला समोरच्या घरी गेले. तिथं गोठ्यात म्हशीच्या घमेल्यात, सरकीच्या पेंडीवर, करंज्या पडल्या होत्या. न मोडता, अख्ख्या. घरच्या बाईनं मला तिकडं बघताना पाहिलं आणि जराही न वरमता म्हणाली, "तोंडावर नाई कसं म्हणाचं? तुमी तं आपल्यातल्या, तुमाले समजते." मी मान हलवली. दूध घेतलं आणि घरी आले. दुसऱ्या घरांत काय झालं ते मी पाहिलं नाही, पण त्या गल्लीत चार वर्षं राहून मला अंदाज नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

अंगणात रूथबाई नवं लुगडं नेसून, प्रार्थनेच्या घरी जायला तयार उभ्या होत्या. मास्तर आत कोट झटकत होते. मला बघून त्या पुढं आल्या आणि नवी सून सासूला विचारते तसं विचारलं, सारण कसं जमलं म्हणून. मी म्हणाले, फार छान. त्यांचं समाधान होईना. काय काय घातलं ते ओळखलं का, असंही त्यांनी विचारलं. करंजीत सगळेच घालतात ते मी सांगून टाकलं. म्हणाले, "खसखस मस्त लागली."

रूथबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाव? बरं झालं." आणि मास्तरांना उशीर होतोय म्हणून आत वळल्या.

संध्याकाळी मी डबा उघडला आणि एक करंजी मोडली. आत खोबरं, रवा, वेलची आणि चारोळी. खसखशीचा एक दाणा नव्हता. मग मला आठवलं. आदल्या वर्षी काकूंची करंजी खाऊन माझ्या अंगावर पित्त उठलं होतं, आणि मला खसखस सोसत नाही हे मीच रूथबाईंना सांगितलं होतं. त्यांनी ते वर्षभर लक्षात ठेवलं. अठरा घरांच्या सारणातून खसखस काढून टाकली, माझ्या एकटीसाठी. आणि मी त्यांच्या तोंडावर खसखशीची तारीफ केली.

मोडलेली करंजी हातात होती. तेव्हा तरी खायला हवी होती. आईच्या गळ्याची शपथ आठवली, आई त्या थंडीत आजारी होती, आणि मी शिकलेली बाई भ्याले. नाताळची सुट्टी संपल्यावर डबा शाळेत नेला आणि पोरींना वाटला. पोरी बोटं चाटत होत्या. एकीनं विचारलं, कुणी केल्या? मी म्हणाले, माझ्या आईनं. रूथबाईंच्या हातचं कुणीतरी आवडीनं खाल्लं, ही एकच गोष्ट त्यांना सांगण्यासारखी होती, आणि तीही मी सांगण्यासारखी ठेवली नाही.

पुढच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, मी तर पहिल्या वर्षापुरतंच म्हटलं होतं, तू चार वर्षं धरून बसलीस, त्याला मी काय करू? तिनं खरंच तसं म्हटलं होतं की मला मोकळं करायला ती तसं म्हणाली, कोण जाणे. मी मात्र शपथेतून सुटले त्या आनंदात परत आले आणि डिसेंबरची वाट बघू लागले.

तो डिसेंबर उलटल्यावर उन्हाळ्यात माझी बदली मेहकरला झाली, आणि वर्षाच्या आतच मास्तरांचं कार्ड आलं. रूथबाई झोपेत गेल्या होत्या. मास्तरांनी छापील मराठीत सुरुवात केली होती आणि चौथ्या ओळीत 'आता घरात कोणी बोलाले नाई' असं लिहिलं होतं. मी भेटायला गेले नाही. शाळा, परीक्षा, मुलं, कारणांना तोटा नव्हता. मास्तर कधी गेले तेही मला उशिरानं कळलं. पण मला रूथबाई आठवतात त्या माझ्या तिथल्या चौथ्या नाताळातल्याच.

त्या वर्षी गोदावरीकाकू परत आल्या होत्या. रूथबाईंनी स्वतः जाऊन त्यांना बोलावलं. अंगणात तीन दगड मांडले गेले, आणि मास्तरांनी प्रार्थनेत त्यावर एक अवाक्षर काढलं नाही. तेवीस तारखेला दुपारी मी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत रूथबाई आपल्या चुलीशी करंज्या तळत होत्या. मास्तर पाटावर बसून कडा कातत होते. मी उंबरठ्याच्या आत पाय टाकला. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि म्हणाले, यंदा मला तुमच्या हातची करंजी द्या, इथंच बसून खाते.

मास्तरांनी कातण खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत जी आशा आली ती बघवत नव्हती. रूथबाईंनी झारा कढईत सोडला, हात पुसले, आणि माझ्याकडं बघून हसल्या. हसणं खरं होतं.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "मागच्या साली मी हट्ट केला, अन् सतरा घरायले प्रभूच्या सणाले खोटं बोलाले लावलं. तुमाले बी. ते पाप माहं. वर्षभर माफी मागून राह्यली मी त्याची."

मी म्हणाले की मी आईला विचारून आले, आता काही आडकाठी नाही, मला मनापासून हवी आहे. हे म्हणताना मला रडू आलं. रूथबाई जवळ आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण हात उचलला आणि पुन्हा पदरात घेतला.

"आता तुमी खासान ते माहं मन राखाले खासान," त्या म्हणाल्या. "तसं नको."

मग त्या मला घेऊन मागच्या अंगणात गेल्या, पाच हातांवर उभ्या राहिल्या आणि काकूंना म्हणाल्या, बाईंना गरम गरम एक द्या, खसखस नसलेली. काकू म्हणाल्या, सगळ्यात घातली. रूथबाई माझ्याकडं वळल्या, आणि यावर्षीही आपण मला काही देऊ शकत नाही म्हणून त्यांनीच माझी क्षमा मागितली.